ताशी चोवीस मैल

"थांब! अरे थांब! मोटार थांबव म्हणतो ना!"

लाल निशाण नाचवत फौजदार रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडत होते, आणि आमचे थोरले मामा दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, भोंगा वाजवत, अत्यंत नम्रपणे त्यांच्या अंगावर गाडी घालत होते. मुद्दाम नव्हे. बारामती-इंदापूर रस्त्यावर सर्व्हिस मोटार सुरू केल्यापासून मामांना "चला", "हला", "आज पोचायचं का उद्या" असं म्हणणारी माणसं हजारांनी भेटली होती. "थांबा" म्हणणारा हा पहिलाच. फौजदार आपल्याशीच बोलताहेत ही शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. आपल्या मागून कुणी दरोडेखोर पळत येत असावा अशा समजुतीने त्यांनी आधी वळून पाहिलं, मग पुढे पाहिलं, आणि मग काय ते उमगून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. थांबण्याचा तिला सरावच होता; जड जायचं ते चालणं.

"भरधाव मोटार हाकता?" फौजदार गरजले. "ताशी चोवीस मैल!"

मागच्या बाकावर एक कासार बांगड्यांच्या पेट्या मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या शेजारी एक आजी लेकीचं पंधरवड्याचं बाळ पदराखाली घेऊन पेंगत होती. दोघं आधी एकमेकांकडे बघत राहिले आणि मग असे हसले की बाळ जागं झालं. गाडीचा क्लीनर अमीनभाई पायरीवरून उतरून रस्त्याकडेला जाऊन हसून आला. मी पुढच्या बाकावर होतो, मीही हसलो. हसले नाहीत ते एकटे मामा. त्यांचा चेहरा चुन्याच्या भिंतीसारखा झाला होता.

थोरल्या मामांइतका भित्रा माणूस नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात झाला नाही, पुढे होईल असंही वाटत नाही. भिण्यात लोकांच्या आवडीनिवडी असतात. कुणी सापाला भितो, कुणी सावकाराला, कुणी सासूला. मामांच्या ठिकाणी असला भेदभाव नव्हता. ते सगळ्यांना सारखेच भीत. पोस्टाची तांबडी पेटी दिसली की ते टोपी सारखी करत, कारण ती सरकारी. रिकाम्या रस्त्यावर भोंगा वाजवत, कारण रस्ता रिकामा का याची त्यांना भीती वाटे. मोरीवर वाजवत, वळणावर वाजवत, आणि सूर्य मागे असला म्हणजे गाडीच्या पुढे पळणाऱ्या गाडीच्याच सावलीला "बाजू, बाजू" म्हणून वाजवत. समोरून बैलगाडी आली तर मोटार रस्त्याखाली उतरवून, इंजिन बंद करून, बैल बुजू नयेत म्हणून स्वतः बैलांकडे पाठ करून उभे राहत. बैल कधी बुजले नाहीत. मामांना बघून बैलांनाच धीर यायचा.

अशा माणसाने मोटारीच्या धंद्यात पडावं हे नवलच. पण त्याचंही कारण भीतीच. घोड्याला ते भीत, कारण घोडा स्वतःच्या विचाराने चालतो. मोटार तसली नव्हे. ती नुसती उभी राहते. ही त्यांची मोटार अमेरिकेतून निघाली तेव्हा तरणीताठी असावी, पण मुंबई, पुणे आणि मधले चार मालक असं करत बारामतीला पोचेपर्यंत तिला वानप्रस्थाचे वेध लागले होते. तिचा आणि मामांचा स्वभाव पहिल्या दिवसापासून जुळला. उतार असला, मागून वारा असला आणि गाडीत मामांखेरीज कुणी जाड माणूस नसला, तर ती ताशी बारा मैल जाई. एरवी चालत्या गाडीतून उतरून, रानातला हरभऱ्याचा डहाळा उपटून, मालकाची शिवी खाऊन, तिला उत्तर देऊन पुन्हा गाडीत येऊन बसणारे उतारू मी डोळ्यांनी पाहिलेत. एका चैत्रात तर एका कावळीने गाडीच्या टपावर काड्या आणायला सुरुवात केली. बारामतीहून निघाल्यावर तिने पाया घातला आणि इंदापूरच्या वेशीपाशी घरटं पुरं झालं होतं. अंडी तिने परतीच्या प्रवासात घातली असं अमीनभाई सांगतो. तेवढं मात्र मी पाहिलेलं नाही.

पण या संथपणातच मामांची सारी अब्रू होती. त्या रस्त्याला दुसऱ्या दोन मोटारी होत्या; त्या वाऱ्यासारख्या जात आणि गचक्यांनी माणसांची हाडं मोजून देत. तरुण पोरं त्यांत बसत. मात्र नवी बाळंतीण माहेराहून सासरी निघाली, की घरातली म्हातारी विचारी, "आबाची मोटार हाय का? मग जाऊ द्या." सगळा रस्ता मामांना आबा म्हणे. कासारांच्या बांगड्या, कुंभाराचे माठ, टोपल्यातली अंडी आणि महिन्याच्या आतली बाळं, एवढा माल फक्त आबाच्या मोटारीतून जायचा. दोन तालुक्यांत अशी कितीतरी माणसं फिरताहेत ज्यांनी जगातला पहिला प्रवास मामांच्या गाडीत झोपून केला. मामांना दुसऱ्या कशाचा अभिमान नव्हता. एवढा एक होता. "आपल्या गाडीत लेकरू कंदी दचकलं न्हाय," असं ते सांगत, आणि सांगताना दृष्ट लागेल म्हणून लगेच लाकडी बाकाला हात लावत.

आणि त्यांच्यावर खटला झाला तो भरधाव मोटार हाकल्याचा.

फौजदार नवे आले होते. पुण्याहून त्यांनी खटक्याचं घड्याळ आणलं होतं. दाबलं की चालतं, दाबलं की थांबतं. रस्त्यावरच्या मैलाच्या एका दगडापाशी त्यांनी शिपाई उभा केला, पुढच्या दगडापाशी स्वतः उभे राहिले. मोटार पहिल्या दगडापाशी आली की शिपायाने निशाण खाली टाकायचं, यांनी खटका दाबायचा. आपल्यापाशी आली की पुन्हा दाबायचा. एक मैल किती वेळात तोडला ते कळलं की वेग कळला. कायद्याची हद्द वीस मैलांची. घड्याळ म्हणालं, चोवीस. डोळ्यांना गाडी रांगताना दिसत होती, पण फौजदार शिकलेले होते. त्यांनी घड्याळावर विश्वास ठेवला.

समन्स आलं त्या दिवशी मामांनी ते हातात घेतलंच नाही. "तितं दारात ठिवा," म्हणून त्यांनी शिपायाला सांगितलं आणि चिमट्याने उचलून ते देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. मी मॅट्रिक पास होऊन घरी रिकामा बसलो होतो, म्हणून वाचनाचं काम माझ्याकडे आलं.

"हळू वाच," मामा म्हणाले.

मी हळू वाचलं.

"हळू म्हंजे बारीक आवाजात. भाईर ऐकू जातंय."

समन्सात एवढंच होतं, की इंदापूरच्या मामलेदार कचेरीत अमुक तारखेला हजर व्हावं. पण मामांनी त्याच दिवसापासून तुरुंगाची तयारी सुरू केली. गादी सोडून ते जमिनीवर निजू लागले. जेवताना भाकरीवरचं लोणी बाजूला सारू लागले, म्हणजे पुढे जड जायला नको. एकदा तर त्यांनी मामीला जात्यावरून उठवलं आणि स्वतः दळायला बसले. तुरुंगात दळायला लावतात असं त्यांनी ऐकलं होतं.

"अवो, दंड हुईल फार तर," मामी म्हणाली. "मोटारीपायी कुणाला फाशी देत न्हाईत."

"दंडाचं न्हाय गं," मामा पीठ सावरत म्हणाले. "लायसनवर तांबड्या शाईनं लिवत्यात. भरधाव म्हणून. मग कोण बसवंल लेकरू आपल्या गाडीत?"

मामीच्या लक्षात आलं, माझ्याही आलं. पीठ मात्र जाडसर निघालं, ते गाईला घातलं.

मग प्रश्न आला वकिलाचा. वकील करावा की करू नये, यावर स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात जेवढा खल झाला तेवढा विलायतेच्या गोलमेजावरही झाला नसेल. एकाचं म्हणणं, वकील केला की साहेबाला वाटणार, गुन्हा केलेलाच आहे, नाहीतर याला वकील कशाला लागतो? दुसऱ्याचं म्हणणं, वकील केला नाही की साहेबाला वाटणार, माजलाय, कोर्टाची भीतीच नाही. तिसरा म्हणाला, एक कमी शिकलेला वकील करावा, म्हणजे दोन्ही साधतं. मामा प्रत्येकाचं ऐकत आणि प्रत्येकाला "व्हय, व्हय" म्हणत. त्यांची स्वतःची भीती वेगळीच होती. "पोलीस निस्ता वरडतो," ते मला एकदा कुजबुजले. "वकील प्रश्न इचारतो."

शेवटी अमीनभाईने चाक हातात घेतलं. "आबा, दात दुखतोय तवर वैदाकडं जावं. पडल्यावर काय दाखवायचं?" असं म्हणून त्याने आम्हा दोघांना गाडीत घातलं आणि बारामतीच्या एका वकिलांच्या दारात उतरवलं. पायऱ्या चढताना मामांनी माझा हात धरला होता. वयाने ते माझ्या दुप्पट, वजनाने तिप्पट.

हे वकील बांधाचे दावे चालवण्यात हयात घालवलेले. याचा बांध त्याने किती हात सारला, हद्दीचा दगड कुणी रात्री उपटून कुठे रोवला, याच्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. मोटारीचा खटला त्यांच्या आयुष्यात पहिला. त्यांनी तपकीर ओढली आणि विचारलं, "कुठून कुठवर मोजलं?"

"सतराव्या मैलाच्या दगडापास्नं," मामा म्हणाले, "म्हसोबापत्तुर."

"मैलाच्या दगडापासून म्हसोबापर्यंत?"

"व्हय. कळंबच्या फाट्याच्या अलीकडं. लिंबाखालचा म्हसोबा. आधी तो मैलाचा दगडच हुता न्हवं का. आता देव हाय."

वकिलांची दुसरी चिमूट नाकापर्यंत पोचलीच नाही. "आधी? म्हणजे तो दगड मूळ जागेवर नाही?"

"न्हाय की. पाटाचं काम झालं तवा तिकडनं हिकडं आणला वस्तीवाल्यांनी. म्या सोता बघितलाय, गाडीवर घालून आणताना. आर्धा मैल अलीकडं."

मामा हे इतक्या सहजपणे बोलले, की त्यातून काय निघतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. वकील मात्र उभे राहिले. पुन्हा बसले. पुन्हा उभे राहिले. "आबा," ते म्हणाले, "फौजदारांनी मैल म्हणून अर्धा मैल मोजला! तुमचा वेग बाराच! अहो, असा खटला जन्मात एकदा येतो. मला फी नको. फक्त हा मला द्या."

मी टाळी वाजवली. अमीनभाईने खालून भोंगा वाजवला. मामा तेवढे खुर्चीच्या कडेवर बसून वकिलांच्या तोंडाकडे बघत होते. देणाऱ्याचा हात पुढे आला की त्यांना मागे हटायची सवय होती.

दुसऱ्या दिवशी वकील मोजणीची साखळी घेऊन गाडीत बसले आणि आम्ही जागा पाहायला निघालो. वाटेत नेहमीप्रमाणे शेंदूर लावलेला प्रत्येक दगड आला की मामा दोन्ही हात सोडून नमस्कार करत आणि तेवढा वेळ अमीनभाई बाहेरून हात घालून चाक धरी. वकिलांनी डोळे मिटून घेतले ते लिंबापाशी उघडले.

दहाबारा खोपटांची वस्ती होती ती. पाटाच्या कामावर खडी फोडायला आलेली माणसं काम संपल्यावर तिथेच राहिली होती. लिंबाखाली देव होता. मैलाचा दगड त्यांनी आडवा रोवला होता, आणि तो आडवाच का, हे तिथे उकिडवं बसून पाहिल्यावर मला कळलं. शेंदराच्या थराखाली इंग्रजी अठराचा आकडा अजून पुसट उठून दिसत होता; मूळ जागा ठाऊक नसलेले नवे फौजदार त्यालाच फसले असणार. दगड डाव्या अंगावर निजवला की आठाचे होतात वर दोन डोळे आणि एकाचं होतं खाली मिटलेलं तोंड. अगदी समजूतदार चेहरा. सरकारच्या एवढ्या दगडांत असा चेहरा मी दुसरा पाहिला नाही.

एक म्हातारी काठी टेकत आली. "आबा आलं," तिने मागे वळून कुणाला तरी सांगितलं. मग आमच्यासमोर बसून म्हणाली, "सरकारनं चरात टाकला हुता बगा ह्याला. तोंडावर पाडून. आमी चिखलातनं काडला, धुतला, तर डोळं! म्हनलं, ह्याला कुणी न्हाय, आमालाबी कुणी न्हाय. ऱ्हा म्हनलं हितं." तिने दगडावरून हात फिरवला. "तवापास्नं वस्तीत पटकी न्हाय आली. लेकरू झालं की पाचवीला ह्याच्या म्होरं निजिवतो."

वकील ऐकत नव्हते. ते साखळीचं टोक शोधत होते. "कोर्टाकडून मोजणी मागू," ते मला म्हणाले. "कमिशन म्हणून कोर्टाचा माणूस येईल. इथं, सगळ्यांसमक्ष, शेंदूर खरवडायचा. आकडा वर आला की खटला तिथंच संपला!" आणि नमुना म्हणून त्यांनी अंगठ्याचं नख दगडाच्या डोळ्यावर टेकवलं.

तेव्हा मामांनी त्यांचा हात धरला. ज्या माणसाने पोस्टाच्या पेटीला कधी पाठ दाखवली नाही त्याने भर दुपारी एका वकिलाचं मनगट धरलं.

"आन् मग दगडाचं काय हुतं?" मामांनी विचारलं.

"दगडाचं? जागेवर जाईल. सरकारी आहे तो."

"आन् ह्यांचं?"

वकिलांनी वस्तीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. खोटं बोलणं त्यांना कोर्टाबाहेर जमत नसे. "मैलाचा सरकारी दगड हलवला म्हणजे... विचारणा होईल. जागाही सरकारचीच दिसते. पण आबा, तो त्यांचा प्रश्न. तुमचं लायसन वाचतंय ना?"

म्हातारीला कायदा कळला नाही, नख कळलं. "आबा," ती हळूच म्हणाली, "डोळं खरवडणार व्हय रं त्ये?"

मामा म्हसोबाला हात जोडून वळले. गाडीत बसले, टोपी काढली, पुन्हा घातली. परतताना त्यांनी एकदाही भोंगा वाजवला नाही. मी त्यांच्याकडे बघत होतो. एका बाजूला मामलेदार, तुरुंग, तांबडी शाई; दुसऱ्या बाजूला म्हसोबा, आणि म्हसोबाचा कोप म्हणजे काय, हे मामांना तोंडपाठ होतं. दोन भीतींची कुस्ती लागली होती आणि घामाने सदरा पिळून काढण्यासारखा झाला होता. घरी येऊन ते मामीला एवढंच म्हणाले, "वकील न्हाय करायचा." वळकटी बांधायला तिने सुंभ तेवढा आणून दिला.

तारखेला मामा वळकटी, तांब्या आणि आठवड्याची भाकरी बांधून कचेरीत हजर झाले. मामलेदारसाहेबच मॅजिस्ट्रेट. त्यांनी नाव वाचलं, वर पाहिलं आणि चष्मा काढला. त्यांची स्वतःची धाकटी मुलगी दीड महिन्याची असताना इंदापुरात आली होती ती आबाच्या मोटारीतून.

"आबा, तुम्ही? चोवीस मैल?"

कचेरी हसली. बाहेरचा पट्टेवाला आत येऊन हसला. मागच्या बाकावर आमचे वकील साखळी पायाशी ठेवून बसले होते. मामांनी नुसतं वळून पाहिलं असतं तरी ते उठून उभे राहिले असते.

"वकील दिलाय का?"

"न्हाय, साहेब."

"गुन्हा कबूल आहे?"

मामांनी वळकटी पोटाशी घट्ट धरली. "हाय."

मामलेदार भला माणूस होता. त्यांनी कागद खाली ठेवला आणि फौजदारांकडे वळून विचारलं, "काय हो, तो मैल नीट मोजून घेतला होता का? दगड जागेवर आहेत ना?"

फौजदारांनी तोंड उघडलं. वकील अर्धे उठले. माझ्या मनात आलं, सुटले मामा! आता काही बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. आणि नुसतं उभं राहणं हे तर मामांचं खास अंग.

"साहेब," मामा ओरडले. कचेरीत ओरडले! आवाज पुरता फाटला होता, डोळे मिटलेले होते. "मैल पुरा हुता! दगुड जागंवर हाय! मीच जोरात हुतो!"

मामलेदारांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"पण आबा," मामलेदार सावकाश म्हणाले, "तुम्हाला एवढी घाई कसली झाली होती?"

मामांनी याचा विचार केलेला नव्हता. त्यांनी छताकडे पाहिलं, वळकटीकडे पाहिलं.

"कुत्रं लागलं हुतं मागं," ते म्हणाले.

दंड झाला, तो काही फारसा नव्हता. लायसनवर तांबड्या शाईने लिहिलं गेलं. तुरुंगाची भाकरी आम्ही परतीच्या वाटेवर, पाटाच्या कडेला बसून खाल्ली. वकील आमच्याच गाडीतून परतले; बारामतीला उतरताना त्यांनी मामांना वाकून नमस्कार केला, आणि मामा इतके घाबरले की त्यांनी उलट दोनदा केला.

पुढे काय झालं ते सांगायला नको, पण सांगतो. आबाने चोवीस मैलांनी मोटार हाकली ही बातमी दोन तालुक्यांत पसरली, आणि चोविसाचे बघता बघता चाळीस झाले. तरणी पोरं हौसेने गाडीत येऊन बसू लागली आणि पहिल्या मैलानंतर शिव्या देत उतरू लागली. कासाराने आपल्या पेट्या बैलगाडीत घातल्या. म्हाताऱ्या नव्या बाळंतिणींना सांगू लागल्या, "नको बाई, आबा आता म्हातारपणी बिथरलाय." लेकरू मांडीवर घेऊन कुणी बाई स्टँडवर उभी असली की मामा आशेने दार उघडत, ती पदर सावरून दुसरीकडे बघे. मामा दार लावून घेत, हळूच, आवाज होऊ न देता, आत एखादं बाळ झोपलेलं असावं तसं.

त्या मैलाचं मात्र नाव झालं. जिथे आबासुद्धा सापडला तिथे आपली काय कथा, म्हणून बाकीचे मोटारवाले तिथे गाडी अशी चालवू लागले, की फौजदारांचं घड्याळ कंटाळून बंद पडलं. हळूहळू बोलवा झाली, की हा म्हसोबा वेग खपवून घेत नाही. ड्रायव्हर उतरून नारळ फोडू लागले. लिंबाला पार बांधला गेला. आणि मामांची गाडी लिंबापाशी आली की म्हातारी ताकाचा तांब्या घेऊन उभी असे. तिने कधी आभार मानले नाहीत, मामांनी कधी ताक कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. ताक पिऊन ते तांब्या परत देत, हात जोडत आणि निघत. गाडीत बहुतेक दुसरं कुणी नसायचंच.

मोठ्या नव्या मोटारी आल्या तशी मामांनी गाडी परसात लावली ती लावलीच. कोंबड्यांनी मागचा बाक घेतला. पुढचा मामांनी राखून ठेवला होता. संध्याकाळी ते तिथे चाकावर हात ठेवून बसत. पुण्याहून मी सुट्टीला गेलो की शेजारी जाऊन बसे. अशाच एका संध्याकाळी, उन्हं कलली होती, एक कोंबडी पिल्लं घेऊन मागे चढत होती, तेव्हा मी विचारलं. आता म्हातारी नव्हती, फौजदारही बदलून गेले होते, आणि वस्तीच्या जागेचे कागद वस्तीच्या नावावर झाले होते. भिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मामा, आता तरी खरं सांगा. त्या दिवशी गाडी किती जोरात होती हो?"

मामांनी आधी रस्त्याच्या बाजूला पाहिलं, मग मागे वळून पिल्लं नीट बसलीत का ते पाहिलं.

"चोवीस," ते म्हणाले. "कोर्टात लिवलंय."